बँकॉकच्या पाहुरातमध्ये "गुरुद्वारा बंद है" असं कुणी म्हणालं, तर तिथूनच मागे फिरा

आम्ही अडाणी म्हणून फसलो नाही, हे आधीच सांगते. पाहुरात म्हणजे बँकॉकचं लिटल इंडिया. राजा चुलालोंगकोर्नने लहानपणीच गेलेल्या आपल्या राजकन्येच्या नावाने हा रस्ता बांधला. सोनेरी घुमटाचा गुरुद्वारा, शेजारी कापडबाजार, पलीकडे सांपेंगची गल्ली, सगळं वाचून गेलो होतो. रत्नांच्या दुकानांत होणाऱ्या फसवणुकीबद्दलही वाचलं होतं. तरीही ४२,००० बाहत घालवून बसले.

गुरुद्वारा पन्नास पावलांवर असताना इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस समोर आला. चांगलं हिंदी बोलत होता. "माताजी, गुरुद्वारा दो बजे तक बंद है." नेमकी तेव्हाच एक बाई डोक्यावर ओढणी घेऊन आतून बाहेर आली. बोटाला धरलेल्या पोराच्या तळहातावर कडाह प्रसाद होता आणि ती त्याची तुपाने माखलेली बोटं ओढणीच्या टोकाने पुसत होती. मी हे डोळ्यांनी पाहिलं. मी मूळची नांदेडची, सचखंडला लहानपणापासून जातेय. भर दिवसा गुरुद्वारा बंद नसतो हे मला कुणी सांगायला हवं होतं का? रोज रात्री ते पोर डोळ्यांसमोर येतं.

पण ऊन मी म्हणत होतं, यांचा गुडघा सुजलेला, आणि परक्या देशात आपल्या भाषेत कुणी आपुलकीने बोललं की माणूस सैलावतो. तोवर दोन वाजेपर्यंत शहर बघा म्हणत त्याने टुकटुक थांबवली. वीस बाहत. एवढ्यात तिथे कुणी फिरवत नाही. स्वस्त टुकटुकचे बाकीचे पैसे दुकानदार देतो, हे लक्षात ठेवा.

पुढचं सगळं ठरलेलंच. रत्नांचं "सरकारी" दुकान, करमाफीचा आज शेवटचा दिवस, आधीच बसलेलं एक गोड बोलणारं गिऱ्हाईक. (पर्यटकांना व्हॅट परत मिळायची सोय तिथे कायमची आहे, शेवटचा दिवस वगैरे काही नसतो.) मुलाची मेष रास, साडेसाती चालू, म्हणून मी नीलम घेतला. हे दोनदा म्हणाले, "राहू दे." मी ऐकलं नाही. बँक परकीय चलनावर लावते तो मार्कअप धरून कार्डावरून १,०९,३३६ रुपये गेले.

दुसऱ्या दिवशी पाहुरातमधल्या एका वयस्कर सरदारजी कापडवाल्यांनी खडा न बघताच विचारलं, "बेटा, टुकटुक किसने रुकवाई थी?" तिथेच पोटात खड्डा पडला.

तिथल्या पोलीस चौकीत चार तास बसवलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. बिलावर नुसतं "नीलम" लिहिलंय, "नैसर्गिक" कुठे लिहिलंय, असं त्यांचं म्हणणं. दुकानदाराला फोन लावायलाही तयार नाहीत! बिलावर तो शब्द आणि स्वतंत्र प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र असल्याशिवाय रत्नाला पैसे देऊ नका. आणि रत्न परदेशात घेऊच नका. संध्याकाळचं विमान होतं, निघावं लागलं. घरी सराफाने भिंगाखाली खडा धरून मला आत वाकड्या, कमानीसारख्या रेषा दाखवल्या. कृत्रिम नीलम. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. इथलं पोलीस ठाणं म्हणतं, आमची हद्द नाही. तिथल्यांना गुन्हा दिसत नाही, इथल्यांना हद्द सापडत नाही, मग बाईने जायचं कुठे? मी काय जुगार खेळायला गेले होते? बिल, कार्डाची पावती, दुकानाच्या पाटीचा फोटो सगळं दिलंय. "मॅडम, पुढच्या आठवड्यात या" असं तीनदा ऐकून झालंय.

पाहुरातला जरूर जा, माणसं चांगली आहेत. मेट्रोने साम योत स्टेशनला उतरा, तिथून चालत जाता येतं. रस्त्यात आपणहून कुणी बोलायला आलं तर थांबू नका, हिंदीत बोललं तर मुळीच नाही. गुरुद्वारा बंद आहे की उघडा, ते दारापर्यंत जाऊन बघा.

तिकडे मेलने पाठवलेल्या तक्रारीला आज ४१ दिवस झाले. साधी पोचही नाही.