रफर्डचं लहान अनुदान: सड्यावर काम करणाऱ्यांसाठी

राजापूर तालुक्यातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारांवर, मी पावसाळी वनस्पतींची नोंद ठेवते. सडा म्हणजे पडीक कातळ, असंच बहुतेकांना वाटतं, त्यामुळे त्यासाठी पैसे मागायला गेलं की आधी सडाच समजावून सांगावा लागतो. निसर्गसंवर्धनाच्या लहान कामांना अनुदान देणाऱ्या लंडनच्या रफर्ड फाउंडेशनकडे अर्ज केला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की समोरच्याला लहान कामाची किंमत कळते आहे.

सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे अर्जाला शेवटची तारीख नाही, तो वर्षभरात कधीही भरता येतो. आमच्यासाठी हे फार मोठं आहे. सड्याचं आयुष्य जून ते ऑक्टोबर. पहिल्या पावसांनंतर दीपकाडीची पांढरी फुलं येतात, मग डबक्यांच्या कडेला सीतेची आसवं, आणि दिवाळीनंतर पुन्हा तापलेला काळा दगड. निर्णय ऑगस्टात आला तर ते वर्ष गेलंच. मी नोव्हेंबरात, नोंदवह्या ताज्या असताना अर्ज केला आणि पाऊस पडायच्या आत पैसे हातात होते.

मला मिळाले 5000 पौंड, तेव्हाचे साधारण 5 लाख रुपये. बराचसा खर्च प्रत्यक्ष सड्यावरच्या कामावर व्हावा, अशी त्यांची अपेक्षा असते. पगार म्हणून जगण्याइतका हा पैसा नाही, हे आधीच समजून घ्या. मी कॉलेजात शिकवते म्हणून मला जमलं. नुकतीच पदवी घेतलेल्या मुलीला एकटीनं जमणार नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. आम्ही गावातल्या दोन मुली आणि एक गुराखी यांना रोजावर घेतलं. कुठलं डबकं किती दिवस टिकतं, हे त्या गुराख्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

पैसा परदेशी, त्यामुळे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, आडवा येतो. 2020च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, आणि तो आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो. आमच्या मंडळाची या कायद्याखाली नोंदणी नव्हती. नोंदणी असलेल्या एका संस्थेनं हा प्रकल्प स्वतःचा म्हणून चालवला, तेव्हा मार्ग निघाला. त्या कागदपत्रांत दोन महिने गेले. अर्जाचा पहिला शब्द लिहिण्याआधी हे ठरवून टाका.

शेवटचा अहवाल मला मनापासून आवडला. प्रत्येक उद्दिष्टासमोर तीन रकाने असतात: साध्य झालं नाही, अंशतः झालं, पूर्ण झालं. वनस्पतींची यादी आणि सड्याचा नकाशा या दोन्हींपुढे मी ‘पूर्ण’ लिहिलं. चिरेखाणीच्या कडेचा पट्टा राखायचा होता, तिथे मात्र ‘अंशतः’. एका जमीनमालकानं ऐकलं, दुसऱ्यानं झाडांची कलमं लावायला सुरुंग लावून कातळ फोडला. हे कुणी खोडायला लावलं नाही. अहवाल त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतो. अर्ज करण्याआधी पश्चिम घाटातल्या प्रकल्पांचे अहवाल मी रात्री बसून वाचले होते. अर्ज कसा लिहावा हे मला त्यांनीच शिकवलं.

आता दुसऱ्या टप्प्याचा अर्ज लिहिते आहे. पहिलंच उद्दिष्ट आहे, तो चिरेखाणीच्या कडेचा पट्टा.