नवं एक्स्टेन्शन उघडायची वाट बघावी की सरळ डॉट इन घ्यावं?

फोंड्यात आमचा काजूगर आणि सोलं विकण्याचा घरचा धंदा आहे. वेबसाइट करायची ठरलं तेव्हा दुकानाच्या नावाचं डॉट कॉम कुणीतरी आधीच घेऊन ठेवलेलं होतं. उरल्या दोन वाटा: नव्याने उघडणारं एखादं एक्स्टेन्शन (पत्त्यात टिंबापुढे येणारा शब्द), नाहीतर डॉट इन. मी आधी पहिली धरली आणि शेवटी दुसरीवर आलो. हल्ली ओळखीतले होमस्टेवाले हाच प्रश्न विचारतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

नव्या एक्स्टेन्शनची ओढ मला समजते. अशा एक्स्टेन्शन्सना परवानगी देणारी संस्था म्हणजे आयकॅन. तिने 2012 मध्ये नव्या एक्स्टेन्शन्ससाठी अर्ज मागवले, त्या फेरीत 1930 अर्ज आले होते, त्यातून शेकडो नवी एक्स्टेन्शन्स खुली झाली. दुकानाचं छोटं नाव आणि टिंबापुढे धंदाच सांगणारा शब्द, फलकावर हे फार शोभतं. 2026 च्या नव्या फेरीमुळे ही ओढ आणखी वाढेल.

पण ही दारं टप्प्याटप्प्याने उघडतात. आधी सनराइज, ते फक्त ट्रेडमार्कवाल्यांसाठी, निदान महिनाभर. मग पुष्कळ ठिकाणी अर्ली अ‍ॅक्सेस: पहिल्या दिवशी भाव प्रचंड, मग रोज थोडा खाली. डॉट डेव्हचं 2019 मध्ये असंच झालं. 19 फेब्रुवारीपासून चढा भाव, आणि साध्या दराने सगळ्यांना 28 तारखेला. इथवर माझी तक्रार नाही, नियम आधी जाहीर असतात.

माझं मन उडालं ते प्री-ऑर्डरपायी. वेबसाइटची नावं विकणाऱ्या एका विक्रेत्याकडे मी दीड महिना आधी नाव नोंदवलं, पैसे त्याच दिवशी खात्यातून गेले. नाव आपल्यासाठी राखलं गेलं असं मी धरून चाललो. प्रत्यक्षात प्री-ऑर्डर म्हणजे दार उघडताच तुमच्या वतीने अर्ज धाडण्याची हमी, बस्स. त्याच क्षणी इतर विक्रेतेही आपापल्या गिऱ्हाइकांचे अर्ज धाडतात, आणि रजिस्ट्रीत, म्हणजे ते एक्स्टेन्शन चालवणाऱ्या संस्थेकडे, ज्याचा आधी पोचेल त्याला नाव मिळतं.

आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजले तेव्हा ते एक्स्टेन्शन उघडलं. मी आणि मुलगी स्क्रीनसमोर बसलो होतो. ‘प्रक्रियेत’ असा एकच शब्द दिसत होता, आणि पुढचे तीन दिवस तोच दिसत राहिला. चौथ्या दिवशी ईमेल आला: हे नाव रजिस्ट्रीच्या प्रीमियम, म्हणजे चढ्या भावाच्या नावांच्या, यादीत आहे, वर्षाला पस्तीस हजार रुपये, नूतनीकरणही त्याच दराने. यादी रजिस्ट्री ठरवते हे मान्य. पण मग दीड महिना आधी पैसे घेताना हे का सांगितलं नाही? दोनदा विचारलं, उत्तर आलं नाही. पैसे परत यायला महिना लागला. तिकडे मार्च संपत आलेला, नवा काजू घरात येऊ लागलेला, आणि म्हापशाच्या छपाईवाल्याकडे आमच्या पाकिटाचं लेबल अडकलेलं. काजूचं चित्र, वजन, पत्ता सगळं तयार. खालची वेबसाइटची ओळ तेवढी कोरी. छपाईवाला रोज फोन करायचा.

शेवटी एका दुपारी डॉट इनवर नाव टाकून बघितलं. नुसतं दुकानाचं नाव गेलेलं होतं, पुढे ‘फोंडा’ जोडल्यावर मोकळं निघालं. पैसे भरले, ओळखीचा कागद चढवला, आणि संध्याकाळी ती ओळ व्हॉट्सअ‍ॅपवर छपाईवाल्याला गेली. डॉट इन 2005 मध्ये सगळ्यांना खुलं झालं तेव्हा तिथेही ट्रेडमार्कवाले पुढे होते, पण ती झुंबड कधीच सरली. आज नाव आहे की नाही ते तिथल्या तिथे कळतं. नाव लांब झालं हे खरं, तरी गिऱ्हाइकाला गाव कळतं हे मला आवडतं.

फोनवरही फरक पडतो, निदान आमच्याकडे पडला. ‘डॉट इन’ म्हटलं की लोक लिहून घेतात. नव्या एक्स्टेन्शनचं नाव सांगितलं की ‘आणि पुढे डॉट कॉम ना?’ असं विचारतात, हे मी एका मित्राच्या दुकानात बसून ऐकलंय. डॉट भारतही आहे, 2014 पासून, देवनागरीत. दिसायला सुंदर, मात्र काही फॉर्म तसला ईमेल पत्ता घेत नाहीत, म्हणून मी ते फक्त जोडीला ठेवलंय.

नव्यावर मन बसलंच असेल तर पैसे भरण्याआधी नूतनीकरणाचा दर बघा. तिथे दरवाढीला कमाल मर्यादा नाही. रजिस्ट्रीला विक्रेत्यांना 180 दिवस आधी कळवावं लागतं, आणि तेवढ्यात जुन्या दराने 10 वर्षांपर्यंतचं भरून ठेवता येतं.

साळगावच्या होमस्टेवाल्याला परवा मी हेच म्हटलं: पर्यटक ऑक्टोबरात यायला लागणार, बोर्ड सप्टेंबरात रंगवायला द्यायचाय, तेव्हा डॉट इन आज घेऊन टाक. नवं नाव हवंच असेल तर ते उघडून दोन-तीन महिने होऊ देत, मग बघ. प्री-ऑर्डर मात्र भरू नकोस.