देनारियस की कॉन्स्टंटाइनकालीन ब्राँझ?

रोमन सम्राटांची नाणी जमवू पाहणाऱ्याने आधी चांदीचा देनारियस घ्यावा की चौथ्या शतकातील, सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातील ब्राँझचे नाणे, हे केवळ खिशाकडे पाहून ठरवू नये. ऑगस्टसचा जवळपास शुद्ध चांदीचा देनारियस मुखचित्राच्या कोरणीत निःसंशय सरस आहे. मात्र तो महाग पडतो आणि नकलाही पुष्कळ, म्हणून कडेवर ओतकामाची शिवण (साच्याच्या दोन भागांची सांधरेषा) दिसते का, हे भिंगाखाली तपासावेच लागते. कॉन्स्टंटाइनच्या ब्राँझवरील चेहरे त्यामानाने साचेबंद (सुबक म्हणवत नाहीत). तरी त्यांतील एका प्रकारात मागील बाजूवर दोन सैनिकांमध्ये आधी दोन ध्वजदंड आणि सुमारे ३३५ नंतर, नाणे लहान झाल्यावर, एकच, शिवाय तळाशी टांकसाळीची अक्षरे, एवढ्यावरून काळ आणि ठिकाण दोन्ही उलगडतात. अभ्यासूने ब्राँझपासूनच सुरुवात करावी.