पेंढा जाळणे की राखणे : पंजाबातील गव्हाच्या रानातले जिवाणू

पंजाब-हरियाणात भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांमध्ये जेमतेम दोन-तीन आठवडे मिळत असल्याने पेंढा शेतातच जाळण्याची रीत पडली. आगीच्या झळेने मातीच्या वरच्या काही सेंटिमीटरांतील जिवाणू मोठ्या संख्येने मरतात. ते पुढे पुन्हा वाढतात हे खरे, परंतु ज्या कर्बावर त्यांनी जगायचे तो आणि पेंढ्यातील बहुतांश नत्र तोवर धुरावाटे निघून गेलेला असतो.

याउलट हॅपी सीडर यंत्राने नांगरट न करता थेट पेरणी केल्यास पेंढ्याचे आच्छादन जमिनीवर राहते, आणि मार्च २०२२ सारख्या अकाली उष्णतेतही ओल टिकून जिवाणूंचे काम चालू राहण्यास मदत होते. मात्र पेंढ्यात नत्राच्या मानाने कर्ब फार असल्यामुळे तो कुजवताना जिवाणू जमिनीतील नत्र स्वतःकडे ओढतात, ज्यामुळे कोवळा गहू पिवळा पडू शकतो. पेंढा मातीत गाडल्यास ही ओढ अधिक तीव्र होते.

तरीही माझ्या मते राखणेच सरस. भाताच्या चिखलणीमुळे (लावणीआधी शेतात पाणी भरून मातीचा चिखल करण्यामुळे) प्राणवायूवर जगणाऱ्या जिवाणूंची दरवर्षी होणारी कोंडी मात्र (आणि हे सहसा बोलले जात नाही) दोन्ही पद्धतींत सारखीच राहते.