आयटी बाहेर द्यायचं, पण कोणाकडे? बुटीबोरीतून एक तुलना

आमचा कारखाना नागपूरजवळ बुटीबोरीत, मुख्य ऑफिस शहरात धंतोलीत, आणि अमरावती व चंद्रपूरला एकेक डेपो. सगळे मिळून दीडशेच्या आसपास कॉम्प्युटर, एक ईआरपी (म्हणजे सगळ्या व्यवहारांचं एकत्र सॉफ्टवेअर), चार सर्व्हर. माझं मूळ काम कमर्शियलचं, पण मधल्या आकाराच्या कंपन्यांत आयटी शेवटी याच टेबलावर येतं. गेल्या पाच वर्षांत आम्ही दोन्ही वाटा वापरून पाहिल्या. आधी पुण्याची मोठी सेवा कंपनी, जिची स्वतःची चोवीस तासांची एसओसी, म्हणजे हल्ल्यांवर नजर ठेवणारी खोली, आहे. नंतर नागपूरचीच, वीस-बावीस इंजिनिअरांची. हिंगणा आणि कळमेश्वरच्या दोन मित्रांनी एकाच महिन्यात याबद्दल विचारलं, म्हणून फोनवर सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितोय.

सगळं स्वतःच्या माणसांवर चालवण्याचा विचार आम्ही लवकर सोडला. आठवड्याचे तास १६८. एका खुर्चीवर सतत कोणीतरी हवं असेल, तर सुट्ट्या आणि आजारपण धरून निदान पाच माणसं लागतात, आणि तीही लॉग, म्हणजे यंत्रांच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, वाचता येणारी. आपल्याकडे मुलगा तयार झाला की वर्ष-दीड वर्षात मिहान (नागपूर विमानतळाजवळचा आयटी-उद्योग परिसर) किंवा पुणे गाठतो. त्याला दोष देता येत नाही. आम्ही आमची दोन माणसं ठेवली आणि बाकीचं बाहेर दिलं. या दोघांना काढू नका, एवढं मात्र कोणालाही सांगेन.

पुण्याच्या कंपनीचं काम चांगलं होतं. एका रविवारी रात्री अडीचला मला फोन आला: चंद्रपूर डेपोच्या अकाउंटंटच्या नावाने परदेशातून व्हीपीएनवर (बाहेरून आमच्या नेटवर्कमध्ये येण्याच्या वाटेने) कोणीतरी शिरलं होतं. फोन येईपर्यंत त्यांनी ते खातं बंदही केलं होतं. त्या वेळी आमचं काम गावातल्या एएमसीवाल्याकडे (वार्षिक देखभाल करणाऱ्याकडे) असतं, तर सोमवारी सकाळी दहापर्यंत कोणाला पत्ता लागला नसता. दर महिन्याचा अहवाल नेटका, ऑडिटरला दाखवण्यासारखा. त्यामुळे ते कमी पडले म्हणून आम्ही बदललं, असा अर्थ काढू नका.

आम्ही बदललं ते काट्यामुळे.

आमच्या गेटवरच्या वजनकाट्याचा कॉम्प्युटर विंडोज ७ वर चालतो. काटा पुरवणाऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर त्याच्या पुढे येत नाही, आणि काट्याचा डिस्प्ले जुन्या सिरियल पोर्टने जोडलेला आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला थांबवला, त्यामुळे सुरक्षेच्या नजरेतून ते मशीन धोकादायकच. पुण्याच्या कंपनीची ईडीआर प्रणाली (प्रत्येक मशीनवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) त्यावर काही संशयास्पद दिसलं की ते नेटवर्कपासून आपोआप तोडायची. नियम म्हणून हे बरोबर आहे. पण काटा तुटला की वजनाची नोंद ईआरपीत जात नाही, गेटपास निघत नाही, आणि गाड्या आत-बाहेर होत नाहीत. तोडलेलं मशीन परत जोडणं फक्त त्यांच्याच कन्सोलवरून शक्य.

पहिल्यांदा झालं तेव्हा मे महिना होता, बाहेर ४५ च्या वर. गेटवरून आमच्या काटेवाल्याचा फोन: "साहेब, काटा बंद पडला, गाड्या पार रोडवर लागून राह्यल्या." मी तिकीट टाकलं. पलीकडे नवीन मुलगा, अत्यंत नम्र: "सर, हे मशीन कोणत्या विभागाचं आहे? वजनकाटा म्हणजे काय?" त्याला समजावलं, त्याने वरच्याकडे पाठवलं, त्या वरच्याला पुन्हा समजावलं. जवळपास दोन तास गेले. नंतर त्यांनी त्या मशीनला सवलत दिली, पण सवलतीची मुदत ९० दिवस. ती संपली की पुन्हा अर्ज, पुन्हा मंजुरी. एकदा आमच्याकडून अर्ज राहिला आणि काटा परत तुटला. फोनवर दुसराच मुलगा, आणि प्रश्न तोच. तीन वर्षांत किती जणांना आमचा काटा समजावला, त्याचा हिशेब नाही. बिघाड सगळीकडे होतात, त्याचं मला एवढं वाटलं नाही. दर वेळी पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागते, याने मी थकलो.

नागपूरच्या कंपनीचा इंजिनिअर आला तेव्हा त्याने आधी गेटवर अर्धा दिवस काढला. काट्याचं मशीन त्याने वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात, टाकलं. त्याला इंटरनेट नाही, पेन ड्राइव्ह नाही, ईआरपी सर्व्हरकडे फक्त एक पोर्ट उघडा. शेजारी त्याच डिस्कची प्रत असलेलं दुसरं मशीन तयार ठेवलं. सवलतीपेक्षा हे कुंपण जास्त सुरक्षित आहे, असं माझं मत. पुण्याच्या लोकांना हे येत नव्हतं असं नाही, पण त्यांच्यापैकी कोणी गेटपर्यंत कधी आलंच नाही.

आता नागपूरच्या बाजूचं जे खटकलं ते. सुरुवातीला त्यांचे चार इंजिनिअर एकच अॅडमिन पासवर्ड वापरत, आणि त्यांचं रिमोट सॉफ्टवेअर (दुरून मशीन हाताळण्याचं) आमच्या प्रत्येक मशीनवर कायम चालू असे. ही बाब हलकी घेऊ नका. जुलै २०२१ मध्ये कासेया या कंपनीच्या अशाच सॉफ्टवेअरमधून हल्लेखोर सेवा देणाऱ्या कंपन्यांमार्फत त्यांच्या ग्राहकांपर्यंत पोहोचले आणि सुमारे १५०० पर्यंत व्यवसायांना रॅन्समवेअरचा (फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा) फटका बसला. आपल्याकडे जुलै २०२४ मध्ये बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या एका कंपनीवर हल्ला झाला, तेव्हा तिच्यावर अवलंबून असलेल्या सुमारे ३०० लहान बँकांचे पेमेंट व्यवहार थांबले. ज्याच्या हातात किल्ली देतो त्याचं घर किती पक्कं, हे आपल्यालाच बघावं लागतं. आम्ही अटी घातल्या: प्रत्येक इंजिनिअरला वेगळं खातं आणि ओटीपी, रिमोट फक्त आमच्या माणसाने परवानगी दिल्यावर, फायरवॉलचा मुख्य पासवर्ड सीलबंद पाकिटात आमच्या तिजोरीत. दीड महिना कुरकुर झाली, पण त्यांनी केलं. पुण्याच्या कंपनीला असं काही मागितलं असतं तर "पॉलिसीत बसत नाही" हे उत्तर आलं असतं, असा माझा अंदाज.

रात्रीची नजर मात्र नागपूरची कंपनी स्वतः ठेवू शकत नाही. ती सेवा ते एका मोठ्या कंपनीकडून घेतात आणि आम्हाला देतात. म्हणून आम्ही बसून एक यादी केली: कोणती मशीन रात्री न विचारता तोडायची, कोणत्यांसाठी आधी फोन करायचा. 'आधी फोन'मध्ये पहिलं नाव काट्याचं. पुण्याइतकी चपळाई यात आहे का? बहुधा नाही. मधला दुवा एक जास्त आहे, तेवढा उशीर होणारच.

कायद्याच्या बाबतीत दोघांत फरक नाही, कारण जबाबदारी कोणीच उचलत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ठरावीक प्रकारची घटना लक्षात आल्यापासून, किंवा कोणी लक्षात आणून दिल्यापासून, ६ तासांत त्यांना कळवायची असते. म्हणजे रात्री अडीचचा तो फोन आला की घड्याळ आपलं सुरू होतं. लॉग १८० दिवस जपायचे. आमच्या फायरवॉलच्या डिस्कवर जेमतेम तीन आठवड्यांचे राहत होते, ते आम्हाला फार उशिरा कळलं. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही काम बाहेर दिलं म्हणून आपल्याला मोकळं करत नाही, आणि पुरेशी सुरक्षा ठेवली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. कंत्राटी कामगारांचे आधार आणि बँक खाते क्रमांक आपल्याकडेच असतात.

तुमची कंपनी मिहानमध्ये असेल, परदेशी ग्राहक दर वर्षी प्रमाणपत्रं मागत असतील, सगळं क्लाउडवर असेल, तर पुण्या-मुंबईची मोठी कंपनीच बहुतेक योग्य. तिथे काटा नसतो. नागरी सहकारी बँक असेल तर आधी रिझर्व्ह बँकेचे नियम वाचा, मग माझं ऐका. पण ज्याच्याकडे गेट आहे, यंत्रं आहेत, तीन पाळ्या आहेत, त्याने निदान एकदा नागपुरातल्या दोन-तीन कंपन्यांना बोलवावं. बोलवताना विक्रीचा माणूस नको म्हणा; रात्री फोन उचलणारा इंजिनिअर एक दिवस कारखान्यात फिरायला पाठवा म्हणावं. आमच्याकडे तिघांना असं सांगितलं होतं, एकानेच पाठवला.

नागपूरच्या कंपनीचा करार मार्चमध्ये संपतोय. नूतनीकरणात मी एकच कलम वाढवून मागणार आहे: आमचा काटा माहीत असलेला इंजिनिअर सोडून गेला, तर त्याच्या जागी येणाऱ्याला त्यांच्या खर्चाने आठवडाभर बुटीबोरीत बसवायचं.