सागवानी मुद्गल जोडी, नऊ महिन्यांनंतर: २४० ग्रॅमचं प्रकरण

मुद्गल म्हणजे व्यायामासाठी खांद्याभोवती फिरवायचा, तळाकडे जाड होत जाणारा लाकडी सोटा. ही ऑनलाइन घेतलेली जोडी. लांबी २४ इंच, सागवान, 'प्रत्येकी ३ किलो', किंमत २,६५० रुपये. बाकीचा तपशील विक्रीच्या पानावर आहेच. तिथे नाही तेवढं आधी सांगतो: एक मुद्गल ३.०६० किलोचा निघाला, दुसरा २.८२०. जोडी म्हणून विकलेल्या वस्तूत पाव किलोला जेमतेम कमी असा फरक.

तक्रारीवर उत्तर आलं की लाकूड नैसर्गिक आहे, पावसाळ्यात ओलाव्याने वजन वाढतं. पहिल्या भागाबद्दल वाद नाही. दुसरा भाग मात्र ग्राहकाला लाकडातलं कळत नाही असं गृहीत धरून लिहिलेला आहे. ओलाव्याने वजन वाढतं हे खरं, पण एकाच खोलीत शेजारी-शेजारी उभे असलेले दोन मुद्गल सारखेच ओले होतात. जुलैत मोजलेली वजनं वर दिली आहेत. फेब्रुवारीत त्याच काट्यावर २.९८० आणि २.७५० भरली. दोघांनीही सत्तर-ऐंशी ग्रॅम पाणी सोडलं आणि फरक २३० वर राहिला. म्हणजे पाऊस निर्दोष आहे. जोडी लावणाऱ्याने वजनाचा काटा वापरला नाही, एवढाच त्याचा अर्थ. बदलून देण्याची मुदत सात दिवस, त्यात वजन करतानाचा व्हिडिओ हवा, आणि परत पाठवायचा खर्च आपला. सहा किलो लाकडाचं कुरिअर काय पडतं ते चौकशी केली की कळतं. तो खर्च करण्यापेक्षा खरादी (यंत्रावर लाकूड फिरवून घडवणारा कारागीर) परवडतो, त्याबद्दल पुढे.

२४० ग्रॅमचं एवढं काय, असं वाटणं साहजिक आहे. डंबेल असतं तर काहीच नाही. डंबेलचं वजन मुठीच्या दोन्ही बाजूंना सारखं असतं. मुद्गलाचं वजन मुठीपासून वीतभर नव्हे, चांगलं हातभर लांब असतं आणि ते फिरतं. पाठीमागे लंबकासारखं झोका घेऊन खांद्यावर परत येताना प्रत्येक फेरीत तो फरक खांद्याला नव्याने मोजावा लागतो. पहिल्या वीस हातांत जाणवत नाही. (डावा-उजवा मिळून एक हात धरला आहे. दुकानं 'मुद्गल' म्हणून विकत असली तरी तालमीत 'जोडी' म्हणतात आणि फेऱ्यांना 'हात'.) साधारण सत्तराव्या हातापासून ऐकू येऊ लागतं. हो, ऐकूच येतं. दोन्ही बाजू आळीपाळीने नीट फिरत असतील तर मुद्गल खांद्यासमोर येऊन थांबण्याचा ठेका घड्याळासारखा सम पडतो. जड मुद्गल डाव्या हातात होता आणि सत्तरीनंतर डावा ठोका उशिरा पडायचा. टप... टप, टप... टप. एकदा कानाला कळलं की दुसरं काही ऐकू येत नाही.

म्हणून पहिल्या चार महिन्यांचं मत: दोन तारे. लाकूड चांगलं, घडण बरी, जोडी खोटी. शिवाय मुठीला व्हार्निश.

व्हार्निशचं थोडक्यात आटपतो. महाराष्ट्र केसरीला मिळते ती चांदीची गदा मिरवायची असते, तिला चकाकी शोभते. ही जोडी घामेजल्या हाताने फिरवायची आहे. व्हार्निशवर घाम आला की मूठ साबणासारखी सुटते, आणि ती सुटते ती नेमकी डोक्यामागून वर येताना. उपाय सोपा आहे. फक्त मुठीचा भाग, वरचा सहा इंच, आधी १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून लाकूड उघडं करा. जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या, पंधरा मिनिटांनी पुसून काढा, दोन-तीन दिवस वाळू द्या, मग दुसरा हात. तेल जास्त झालं तर मूठ आठवडाभर चिकट राहते. तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ते पसरून वाळवा, मगच टाका. काहीजण बॅडमिंटनची ग्रिप गुंडाळतात. ते टाळावं. मूठ हातात किंचित फिरली पाहिजे. रबर तिला धरून ठेवतं आणि करंगळीखाली फोड येतो.

इथपर्यंतचं चौथ्या महिन्यात लिहून ठेवलं होतं. नंतर मत बदललं, पूर्ण नाही, पण बदललं.

पाचव्या महिन्यात मुद्गलांची अदलाबदल केली. जड उजव्या हातात, हलका डाव्यात. हिशोब सरळ होता: आता उजवा ठोका मागे पडला पाहिजे. पडला नाही. मागे पडला तो पुन्हा डावाच, फक्त सत्तरीऐवजी पंचाण्णवला. म्हणजे २४० ग्रॅमच्या वाट्याला पंचवीस हात येतात. उरलेला दोष डाव्या खांद्याचा, आणि तो कंपनीने पाठवलेला नव्हता.

कुस्ती असो, कराटे असो की लाठी, घरी एकट्याने सराव करणाऱ्याची मोठी अडचण हीच असते. साधनात खोट सापडली की डोकं तिथेच मुक्काम करतं. तालमीत वस्ताद समोर असतो, त्याला तुमच्या मुद्गलाचं वजन माहीत नसलं तरी कोपर कुठे पडतंय ते दिसतं. घरी भिंत आणि पंखा. (पंख्याखाली उभं राहू नका. फ्लॅटमधल्या पंख्याला मुद्गल सहज लागतो. आणि फरशीवर जुनी सतरंजी घाला, फरशी मुद्गलापेक्षा महाग असते.) त्यामुळे घरच्या सरावात वस्तादाचं काम मोजणीला करावं लागतं, आणि ती मोजणी खरी हवी.

खरी म्हणजे काय, तर मोठ्याने. मनातल्या मनात मोजताना श्वास रोखला जातो आणि साठीनंतर आकडे उड्या मारतात, बहुतेक वेळा पुढच्याच दिशेने. तोंडाने आकडा म्हटला की श्वास आपोआप सुटतो. मनगटावरचं घड्याळ या कामाला निरुपयोगी आहे. ते अर्धे हात गाळतं आणि चहा ढवळलेला मोजतं. दुसरं, मोजणी कमजोर बाजूवर ठेवायची. उजव्यावर मोजलं की डावा उरकाउरकी करतो. डाव्यावर मोजलं, सुरुवातही डाव्याने केली, तर उजव्याला थांबावं लागतं. तिसरं, हात बिघडला की आकडा तिथेच थांबवायचा. शंभर ठरवले होते आणि अठ्ठ्याऐंशीला कंबर मागे वाकू लागली, तर वहीत अठ्ठ्याऐंशी लिहायचे. उरलेले बारा ओढून काढले तर शरीर ते वाकडे बाराच लक्षात ठेवतं.

हात कसा असावा, ते एकदा सांगून टाकतो, कारण सोबत आलेल्या कागदावर नुसती चित्रं आहेत. पाय खांद्याएवढे फाकलेले, गुडघे सैल, मुद्गल खांद्यासमोर उभे, कोपरं बरगडीला. एक मुद्गल डोक्यावरून मागे न्या. तो पाठीमागे उतरताना कोपर वर आभाळाकडे, आणि मनगट सैल. खाली त्याला झोका घेऊ द्या, ढकलू नका. झोका संपत आला की खांद्यावरून पुढे ओढून जागेवर आणा, आणि तिथेच मूठ घट्ट करा, एरवी नाही. पूर्ण फेरीभर मूठ आवळून धरली तर महिन्याभरात कोपराची आतली बाजू दुखू लागते. कंबर मागे वाकत असेल तर वजन जास्त आहे किंवा तुम्ही थकलाय, दोन्हींचा इलाज थांबणं. खांदा जड होणं ठीक. हात वर असताना खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचलं तर त्या दिवशी जोडी खाली ठेवा.

वजनाबद्दलही आधीचं मत चुकीचं होतं. 'तीन किलो म्हणजे पोरखेळ, चारची घ्यायला हवी होती' असं पहिल्या आठवड्यात वाटतं, कारण पहिल्या आठवड्यात वीसच हात असतात. सराव नसलेल्या मोठ्या माणसाला दोन ते तीन किलो पुरतात, मुलांना एक-दीड. तालमीतले पैलवान याच्या कित्येक पट जड जोडी फिरवतात, पण ते आधी काही वर्षं जोर-बैठका मारून तिथे आलेले असतात. घरच्यासाठी चाल अशी ठेवली: वीस हातांपासून सुरुवात, दर आठवड्याला पाच वाढवायचे, शंभरला पोचलं की वाढ बंद आणि वेग कमी. शंभर हात महिनाभर समठेक्यात पडले, तरच जास्त वजनाचा विचार. नऊ महिने झाले, तो विचार अजून आलेला नाही.

सर्वात अवघड काळ पहिला महिना नव्हे, तिसरा. पहिल्यात अंग दुखतं, म्हणून काहीतरी घडतंय असं वाटतं. तिसऱ्यात दुखत नाही, आकडा पाचाने वाढतो, आरशात काही दिसत नाही. ऑनलाइन विकल्या गेलेल्या बऱ्याच जोड्या याच सुमारास दाराला टेकण म्हणून कामाला लागत असाव्यात. त्या काळासाठी युक्ती वगैरे नाही. जागा आणि वेळ बदलू नये, आणि जोडी कपाटात न ठेवता डोळ्यांसमोर उभी ठेवावी, एवढंच. खाडा पडतोच. दिवाळीत बारा दिवसांचा पडला तर परतल्यावर जुन्या आकड्यावर उडी मारू नये. तीन-चार दिवसांच्या खाड्याला एक तृतीयांश आकडा कमी, दहाच्या वर गेल्यास निम्मा. ऐंशीवरून चाळीस लिहिताना वहीत जीव जळतो. पण जुन्या आकड्याच्या हट्टाने खांदा धरला तर बारा दिवसांचे चाळीस होतात.

आता खरादी. तक्रार बाजूला ठेवली तरी २३० ग्रॅम खुपत होतेच, आणि इथे एक गंमत आहे. वजन सारखं केलं तर जोडी सारखी होत नाही. हलक्या मुद्गलाच्या तळात २३० ग्रॅम लोखंड घातलं तर ते मुठीपासून सर्वात लांब पडतं आणि तो फिरवताना उलट जड लागतो. जुळवायचं आहे ते हाताला जाणवणारं वजन. ते मोजायला स्वयंपाकघरातला काटा पुरतो. मुद्गल आडवा धरा, मूठ जिथे पकडता ती जागा काट्याच्या उंचीच्या विटेवर पेन्सिल ठेवून तिच्यावर टेकवा, आणि तळाचा कडेचा भाग काट्यावर. दोन्ही मुद्गलांना पेन्सिल आणि काटा अगदी त्याच अंतरावर हवेत, पट्टीने मोजून खूण करा. या जोडीत आकडे आले २.१२ आणि १.९६ किलो. म्हणजे भरायचे होते १६० ग्रॅम, २३० नव्हे.

२५ मिलिमीटर जाडीच्या गोल लोखंडी सळईचा साडेचार सेंटिमीटरचा तुकडा १७३ ग्रॅम भरतो, भोकातून निघालेलं लाकूड साधारण १४ ग्रॅम. हिशोब बसतो. भोक सहा सेंटिमीटर खोल, तळाच्या बरोबर मध्यात, वरचे दीड सेंटिमीटर सागवानी बुचाला. हे घरच्या ड्रिलने करू नका. तळाकडून लाकडाचे उभे तंतू असतात, पातं घसरतं आणि भोक तिरकं जातं. खरादी यंत्रावर धरून सरळ पाडतो. सळई घट्ट बसली पाहिजे, नाहीतर प्रत्येक हाताला खुळखुळा वाजतो. जड मुद्गलाचा तळ पाऊण इंच कापूनही काम भागलं असतं, पण मग एक आखूड दिसतो, आणि २,६५० रुपये देऊन आखूड मुद्गल बघत बसणं जमण्यासारखं नव्हतं. खरादीने भोक, तुकडा आणि बूच मिळून १५० रुपये घेतले. त्याच्याकडे शिसवाचीही जोडी होते, समोर तोलून देतो, आणि मुठीची जाडी हात बघून ठरवतो. हे आधी कळलं असतं तर हा मजकूर लिहावाच लागला नसता.

आता तारे साडेतीन. कापलेला दीड तारा काट्याचा आणि व्हार्निशचा. दोन्ही मुद्गल विटेवर-काट्यावर सारखे येतात, नुसत्या वजनात अजून सत्तर ग्रॅमचा फरक आहे आणि तो हाताला लागत नाही. डावा ठोका सध्या शंभरपर्यंत सम पडतो, एकशे दहाच्या आसपास पुन्हा ओढतो.

कुणी हा उद्योग करणार असेल तर एक सूचना. बूच लगेच एपॉक्सीने चिकटवू नका. सध्या ते नुसतं ठोकून बसवलंय. जूनमध्ये लाकूड फुगलं की परत एकदा विटेवर मोजायचं, गरज पडली तर सळई अर्धा सेंटिमीटर घासायची, आणि मगच ते कायमचं बंद करायचं.