कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी हार्ड केस: धुळीला एक नंबर, पावसाळ्यात मात्र लक्ष ठेवा

नवी पेठेतून घेतलेली ही प्लास्टिकची हार्ड केस उन्हाळा पावसाळा दोन्हीत वापरून झाली म्हणून लिहितोय. आपल्या सोलापुरात लेन्सला सगळ्यात जास्त त्रास धुळीचा. नान्नजच्या माळावर काळवीटं काढायला टू-व्हीलरवर जा नाहीतर गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) गर्दीत नंदीध्वजाच्या काठ्या शूट करा, कापडी बॅगच्या चेनमधनं बारीक माती आत जातेच आणि मग झूम रिंग फिरवली की करकर सुरू. या केसच्या झाकणाला सगळ्या कडेनं रबराचं सील आहे, लॅच नीट दाबले की धूळ आत येत नाही, हे मला लई आवडलं.

आतल्या फोमचे छोटे चौकोन तोडून लेन्सच्या मापाचा खड्डा करता येतो. घाईत तोडू नका, तोडलेला तुकडा परत धड बसत नाही. दोन लेन्सच्या मधे दोन बोटं तरी फोम राहू द्या आणि पुढची मागची दोन्ही कॅप लावूनच ठेवा.

आता खरा मुद्दा. जे सील धूळ अडवतं तेच ओल पण आत कोंडतं. पावसात शूट करून आलात आणि तशीच लेन्स आत टाकून झाकण लावलं तर फंगसला आयतं घर मिळतं, कारण हवेतला ओलावा ६०-७० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिला की काचेवर बुरशी धरू शकते, आणि एकदा कोटिंग खाल्लं की साफ करून पण डाग राहतो. आधी पंख्याखाली पूर्ण वाळवा, मग ओल शोषणारं सिलिका जेल टाका, सोबत छोटा डिजिटल हायग्रोमीटर (ओलावा मोजायचं यंत्र) ठेवून आकडा ४० ते ५० टक्क्यांमधे आहे का बघत जा. जेल रंग बदलणारं घ्या, निळ्याचं गुलाबी झालं की ओव्हनमधे १२० डिग्रीच्या आसपास तापवून परत वापरता येतं. लेदरचे पाऊच आत नकोच, चामडं ओल धरतं.

मे महिन्यात ही काळी पेटी बंद कारमधे ठेवू नका, लेन्सच्या आतलं ग्रीस पातळ होऊन ॲपर्चरच्या, म्हणजे प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या पात्यांवर येऊ शकतं.

वजन जास्त आहे आणि हँडल हाताला रुततं, पण ब्रँडेडच्या मानानं किंमत बरीच कमी. घरी कपाटात ठेवायलाच हवी असेल तर थोडे पैसे साठवून इलेक्ट्रिक ड्राय कॅबिनेट (आतला ओलावा कमी ठेवणारं विजेवरचं कपाट) घ्या. लग्नाच्या ऑर्डरी करणाऱ्या पोरांनी मात्र हीच घ्या, मोठ्या साइझमधे फ्लॅश आणि चार्जर पण बसतात.